परदेशात कर्फ्यू लागला आणि आपलं माणूस तिकडे: पुलगावच्या घरांनी आधी काय करून ठेवायचं, त्या रात्री काय करायचं नाही

परदेशात गडबड सुरू झाली की पहिला फोन घरून जातो. टीव्हीवर जळणारी बस दिसते, मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ येतो आणि इकडे पुलगावात बसलेली अम्मी रडतच पोराला सांगते, "बॅग भर अन् निघ तिथून, आत्ताच्या आत्ता." पोरगं आधीच घाबरलेलं असतं. घरचा आवाज ऐकला की उरलासुरला धीरही सुटतो. मग चार मित्र मिळून रात्रीची टॅक्सी शोधतात, विमानतळाकडे निघतात, आणि वाटेत कळतं की विमानतळ बंद आहे.

ढाका, बिश्केक, काठमांडू, खार्तूम इथे गेल्या काही वर्षांत जे झालं ते आम्ही या लेखासाठी तारखेनुसार पुन्हा लावून पाहिलं. त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसली. थांबायचं की निघायचं हे तिथल्या माणसाला आणि तिथल्या दूतावासालाच ठरवता येतं. पुलगावातून ते दिसत नाही. घरच्यांचं खरं काम त्या रात्रीच्या खूप आधी असतं, आणि त्या रात्री बरंचसं शांत राहण्याचं असतं.

आपल्याला हे समजणं अवघड जाऊ नये. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर आपल्या दारूगोळा डेपोत आग लागली, स्फोट झाले, आसपासच्या गावांतले लोक लेकरं घेऊन घराबाहेर पडले. कुठला रस्ता चालू आहे, कुठे जाणं बरं, हे इथल्या माणसांनाच कळत होतं. मुंबईत किंवा दुबईत बसलेल्या नातेवाइकाला टीव्हीवरचा धूर तेवढा दिसत होता. आपलं मूल परदेशात असतं तेव्हा तो लांबचा नातेवाईक आपण असतो.

हा विषय आता थोड्या घरांपुरता राहिलेला नाही. सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन मेडिकल कॉलेजं आपल्याच जिल्ह्यात आहेत, पण नीटचे मार्क कमी पडले की सरकारी फीची जागा हातून जाते आणि खासगी फी सगळ्यांना झेपत नाही. मग किर्गिझस्तान, बांगलादेश, कझाकस्तान, जॉर्जिया ही नावं घरात येतात. कुणी सौदी, कतार, अमिरातीत कामाला असतं. कुणाच्या घरचे म्हातारे उमऱ्याला निघालेले असतात. तिघांचा धोका वेगळा, तयारी मात्र बरीचशी सारखीच.

ढाक्यात काय झालं

जुलै २०२४ मध्ये बांगलादेशात सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणाविरुद्ध विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं. १८ जुलैला देशभर इंटरनेट बंद झालं. १९ तारखेच्या मध्यरात्रीपासून कर्फ्यू लागला आणि लष्कर रस्त्यावर उतरलं. त्या वेळी बांगलादेशात सुमारे १५,००० भारतीय होते आणि त्यातले जवळपास ८,५०० विद्यार्थी, असं परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं होतं. विद्यार्थ्यांत मेडिकलचेच जास्त.

इंटरनेट गेलं म्हणजे व्हॉट्सअॅप गेलं, आणि आपल्याकडच्या बहुतेक घरांकडे मुलाशी बोलायला दुसरा मार्गच नसतो. त्याचा तिथला साधा मोबाईल नंबर कुणी लिहून घेतलेला नसतो, कारण फोन नेहमी व्हॉट्सअॅपवरच होतो. ब्रॉडबँड पाच-सहा दिवसांनी हळूहळू सुरू झालं, मोबाईल इंटरनेट २८ जुलैला. इतके दिवस मुलाचा आवाज ऐकू आला नाही तर घरची काय हालत होते ते सांगायला नको.

तरीही मुलं परत आली, आणि मोठ्या संख्येने आली. २५ जुलैपर्यंत ६,७०० हून जास्त विद्यार्थी भारतात पोहोचले होते. बहुतेक जण जमिनीच्या सीमेवरून आले: त्रिपुरात आगरतळ्याजवळचं अखौरा, मेघालयातलं डावकी, पश्चिम बंगालमधलं गेदे आणि पेट्रापोल. ढाक्यातला भारतीय उच्चायोग आणि चितगाव, राजशाही, सिल्हेट, खुलना इथली सहायक उच्चायुक्तांची कार्यालयं सीमेपर्यंतचा प्रवास सुरक्षित व्हावा म्हणून स्थानिक प्रशासनाशी बोलत होती. (राष्ट्रकुलातल्या देशांत दूतावासाला उच्चायोग म्हणतात, काम तेच. शोधताना नावाने गोंधळू नका.)

यातून घ्यायचा धडा नकाशाचा आहे. तुमचं मूल ज्या शहरात शिकतं तिथून जवळची भारतीय सीमा कोणती, तिथून दुसऱ्या कोणत्या देशात जाता येतं, हे ॲडमिशन घेताना कुणी विचारत नाही. फी, होस्टेल, जेवण हलाल आहे का, एवढं विचारून आपण थांबतो. सिल्हेटमध्ये शिकणाऱ्याला डावकी जवळ, राजशाहीत शिकणाऱ्याला बंगालची सीमा. हे एकदा नकाशात बघून त्याच्याशी बोलून ठेवा.

बिश्केकची रात्र, आणि "मुसलमान मुलूख आहे" ही समजूत

किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक. मे २०२४ मध्ये एका होस्टेलजवळ स्थानिक तरुण आणि परदेशी विद्यार्थ्यांची मारामारी झाली. काही दिवसांनी तिचा व्हिडिओ पसरला आणि १७ मेच्या रात्री जमाव रस्त्यावर आला. परदेशी विद्यार्थी राहतात त्या होस्टेलांवर आणि घरांवर हल्ले झाले. भारतीय दूतावासाने दुसऱ्या दिवशी सकाळी सूचना काढली: सध्या शांतता आहे, पण विद्यार्थ्यांनी आतच राहावं आणि अडचण असेल तर दूतावासाच्या चोवीस तास चालू असलेल्या नंबरवर फोन करावा.

हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपल्या घरांत मूल पाठवताना एक वाक्य नेहमी ऐकू येतं: "मुसलमान मुलूख आहे, तिथे आपल्याला कोण हात लावणार?" किर्गिझस्तानात बहुसंख्य लोक मुसलमानच आहेत. त्या रात्री जमाव कुणाचा कलमा विचारत नव्हता. चेहरा परदेशी दिसला, एवढंच पुरेसं होतं. मार खाणाऱ्यांत पाकिस्तानचे विद्यार्थीही होते. बांगलादेशात ५ ऑगस्टला शेख हसीना देश सोडून भारतात आल्या, त्यानंतर तिथे भारताविरुद्धचा राग वाढला. तेव्हाही भारतीय पासपोर्टवाल्याचं नाव काय आहे हे बघून कुणी राग आवरला असता, असं मानून चालता येत नाही. एक भाषा किंवा एक दीन यांचा आधार रोजच्या आयुष्यात मोठा असतो, नवीन शहरात खोली मिळवून देतो, ईदला जेवायला बोलावतो. दंगलीत त्यावर विसंबू नका.

बिश्केकची दुसरी गोष्ट अफवांची. त्या रात्री विद्यार्थी मेल्याच्या, मुलींवर अत्याचार झाल्याच्या पोस्ट सगळीकडे फिरल्या. किर्गिझ प्रशासनाने मृत्यू झाल्याचं नाकारलं, आणि अशा बातम्यांना दुजोरा मिळालेला नाही असं पाकिस्तानच्या बाजूनेही सांगण्यात आलं. तोवर मात्र त्या पोस्ट हजारो घरांत पोहोचल्या होत्या. हल्ला खरा होता, मारहाण खरी होती, पण घरच्यांची झोप उडवणारा मोठा भाग खोटा होता.

थांबायचं की निघायचं

नियम म्हणून सांगायचं तर: पहिले दोन-तीन दिवस आत. बाहेर निघायचं ते दूतावासाने किंवा युनिव्हर्सिटीने वेळ, रस्ता आणि गाडी ठरवून दिल्यावर, तेही गटाने आणि दिवसा.

युक्रेनमधलं सुमी शहर आठवा. ते युद्ध होतं, आंदोलन नव्हतं, पण पेच हाच होता. फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी युद्ध सुरू झालं आणि तिथे शेकडो भारतीय विद्यार्थी होस्टेलात अडकले. पाणी संपलं, मुलं बर्फ वितळवून प्यायली. ५ मार्चला त्यांनी व्हिडिओ टाकला की आता आम्ही पायी सीमेकडे निघतो, काही झालं तर जबाबदारी सरकारची. सरकारने त्यांना थांबायला सांगितलं, मुलं थांबली. ८ मार्चला ६९४ विद्यार्थ्यांना बसने पोल्टावाकडे काढण्यात आलं. ते तीन दिवस किती जड गेले असतील याची कल्पना करता येते, आणि त्या मुलांच्या रागालाही कारण होतं. पण गोळीबार चाललेल्या भागातून पायी निघाले असते तर काय झालं असतं, हाही विचार करायला हवा.

याच्या उलट उदाहरणही त्याच युद्धातलं आहे. २ मार्चला दूतावासाने खारकीव शहरातल्या भारतीयांना सांगितलं की संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा, वाहन नसेल तर पायी निघा, आणि जवळच्या तीन वस्त्यांची नावं दिली. तेव्हा थांबणं धोक्याचं होतं. म्हणजे "थांबा" हा कायमचा मंत्र नाही. पण निघायचा हुकूम आला तो जागा आणि वेळ सांगून आला. अम्मीच्या फोनवरून आलेल्या "निघ" मध्ये यातलं काहीच नसतं.

आत थांबणं म्हणजे खिडकीत उभं राहणं नव्हे. एप्रिल २०२३ मध्ये सुदानच्या खार्तूममध्ये लढाई सुरू झाली तेव्हा पहिल्याच दिवशी एक भारतीय माणूस आपल्या फ्लॅटच्या खिडकीजवळ फोनवर बोलत असताना भरकटलेल्या गोळीने गेला. खिडकीपासून लांब, आतल्या खोलीत, पडदे लावून, लाईट कमी करून बसायचं. गच्चीवर जाऊन व्हिडिओ काढायचा नाही, कितीही हौस आली तरी. आंदोलक समजतात पोलीस चित्रीकरण करतोय, पोलीस समजतात आंदोलक करतोय. दोन्हीकडून मार.

आत थांबणं धोक्याचं होतं अशाही जागा आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळात तरुणांचं आंदोलन पेटलं. ८ तारखेला गोळीबारात १९ जण मेले, ९ तारखेला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, त्या दिवशी काठमांडूत मंत्र्यांची घरं, सरकारी इमारती आणि मोठी हॉटेलं पेटवण्यात आली. एका हॉटेलला आग लागल्यावर वरच्या मजल्यावरून खाली उतरण्याचा प्रयत्न करताना एक भारतीय महिला पडून मरण पावली. म्हणून हॉटेलात खोली घेताना खालचे मजले मागा, जिना कुठे आहे तो स्वतःच्या पायाने एकदा उतरून पाहा. संसद, मंत्रालय, पक्षाची कार्यालयं, मोठी नावाजलेली हॉटेलं यांच्या शेजारी असाल आणि गर्दी अजून जमलेली नसेल तर तेव्हाच साध्या वस्तीतल्या लॉजमध्ये हला. एकदा जमाव आला की हलू नका, पण आग लागली तर विचार करत बसू नका, जिन्याने खाली या. लिफ्ट नाही.

किती दिवस काढायचे

"सरकार विमान पाठवेल" हे खरं आहे, पाठवतं. १९९० मध्ये कुवेतवर इराकने कब्जा केला तेव्हा सुमारे १,७०,००० भारतीयांना अम्मानमार्गे आणलं गेलं. त्यात कोकणातली, मुंबईची मुसलमान कुटुंबंही होती. पण त्याला दोन महिने लागले. सुदानमध्ये १५ एप्रिलला लढाई सुरू झाली आणि 'ऑपरेशन कावेरी' २४ एप्रिलला. माणसं आधी खार्तूमहून बसने पोर्ट सुदानला, म्हणजे आठशे किलोमीटरहून जास्त, मग जहाजाने किंवा विमानाने जेद्दाहला, मग भारतात. इराणवर १३ जून २०२५ ला हल्ले सुरू झाले आणि उर्मियाचे विद्यार्थी आर्मेनियातून १९ जूनला दिल्लीत उतरले. सुमीचे विद्यार्थी युद्ध सुरू झाल्यानंतर बाराव्या-तेराव्या दिवशी निघाले.

म्हणून आमचा हिशोब सरळ आहे: दहा दिवस. खोलीत दहा दिवसांचं पाणी, चणे, खजूर, बिस्किटं, न शिजवता खाता येईल असं काही, रोजची गोळी-औषधं, पॉवर बँक, आणि पैसे रोख. इंटरनेट गेलं की कार्ड चालत नाही, एटीएमचाही भरवसा नसतो. निम्मे पैसे तिथल्या चलनात, निम्मे डॉलरमध्ये, दोन वेगळ्या जागी. मूल म्हणेल की दुकान खालीच आहे. १ मार्च २०२२ ला खारकीवमध्ये एक भारतीय विद्यार्थी किराणा आणायला रांगेत उभा असताना गोळ्यांच्या माऱ्यात गेला. दुकान खालीच होतं.

निघण्याआधी घरी बसून करायची कामं

जायच्या आधीच्या आठवड्यात घरी पाहुणे येतात, दावत होते, सुटकेसचं वजन दहा वेळा मोजलं जातं. त्यातलाच एक तास या कामाला द्या.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असू द्या. नागपूरला पासपोर्ट ऑफिसचे खेटे घालायचे असतील तर आत्ता घाला, तिथे गेल्यावर दूतावासातून नवा काढायला वेळ जातो. पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसा, ॲडमिशनचं पत्र किंवा कामाचा करार, विम्याचा कागद, दोन फोटो: यांच्या झेरॉक्सचा एक संच मुलाच्या बॅगेत, एक पुलगावात घरी आणि एक नात्यातल्या एखाद्या जाणत्या माणसाकडे, म्हणजे नागपूरच्या मामूंकडे किंवा मुंबईच्या चाचांकडे. मोबाईलमधला फोटो पुरेसा नाही, मोबाईल हिसकावून घेतले जातात.

पासपोर्ट हरवला तर घाबरून जाऊ नका. तिथल्या पोलिसांत तक्रार करून दूतावासात गेलं की 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' मिळतं, म्हणजे फक्त भारतात परत यायला चालणारा एकवेळचा कागद. झेरॉक्स हाताशी असेल तर तो लवकर मिळतो. काही देशांत त्यासोबत बाहेर पडायची वेगळी परवानगीही लागते, ती दूतावासातच विचारायची.

परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' नावाचं पोर्टल आहे. परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्यावर नाव नोंदवता येतं, आणि अडचण आल्यास घरचेही तक्रार टाकू शकतात. बऱ्याच दूतावासांच्या स्वतःच्या वेबसाइटवरही नोंदणीचा फॉर्म असतो. विमानतळावर उतरल्या आठवड्यात हा फॉर्म भरायला लावा आणि भरल्याचा स्क्रीनशॉट मागा. ही आमची आग्रहाची सूचना आहे. गडबड झाल्यावर दूतावास आधी आपल्याकडच्या यादीतल्या लोकांना शोधतो. एजंटच्या भरवशावर गेलेली, कुठेच नाव नसलेली मुलं शोधायलाच दोन दिवस जातात. एजंट त्या वेळी फोन उचलतोच असं नाही.

मुलाचे वर्गमित्र, रूम पार्टनर, होस्टेलचे वॉर्डन, घरमालक यांचे नंबर वहीत लिहून घ्या, कागदावर. मुलाचा तिथला खरा सिमचा नंबरही. त्या नंबरला महिन्यातून एकदा साधा कॉल करून बघा, लागतो का ते कळेल. आणि फोनची वेळ आधीच बांधून घ्या: गडबडीच्या दिवसांत सकाळी एकदा, रात्री एकदा, दोन वाक्यं. ढाका आणि बिश्केक आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे, दुबई दीड तास मागे, सौदी आणि कतार अडीच तास मागे. ठरलेल्या वेळी फोन आला नाही तर चोवीस तास थांबायचं, मग वहीतला दुसरा नंबर लावायचा. हे ठरलेलं असेल तर दर दहा मिनिटांनी फोन करून त्याची बॅटरी आपणच संपवत नाही.

नेपाळला फिरायला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तिथे व्हिसा लागत नाही म्हणून लोक फक्त आधार कार्ड घेऊन निघतात. पंधरा वर्षांखालच्या आणि पासष्टच्या वरच्या माणसांना सूट आहे, बाकीच्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्रिभुवन विमानतळ साधारण एक दिवस बंद होता. अशा वेळी बिहार-उत्तर प्रदेशच्या सीमेवर पोहोचलात तर हातात योग्य कागद हवा.

गल्फमध्ये: नुसतं बघायलाही थांबू नका

सौदी, अमिराती, कतार, कुवेत इथे रस्त्यावर दंगल क्वचित दिसते. तिथला धोका वेगळा: आपलाच माणूस उत्साहात गर्दीत उभा राहतो.

जुलै २०२४ मध्ये बांगलादेशातल्या आंदोलनाच्या पाठिंब्यासाठी अमिरातीतले काही बांगलादेशी कामगार रस्त्यावर जमले. त्यांचा राग आपल्या देशाच्या सरकारवर होता, अमिरातीवर नव्हता. तरीही काही दिवसांत अबुधाबीच्या न्यायालयाने ५७ जणांना शिक्षा दिली: तिघांना जन्मठेप, ५३ जणांना दहा वर्षं आणि एकाला अकरा वर्षं, शिक्षेनंतर देशाबाहेर. सप्टेंबरमध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली आणि त्यांना परत पाठवण्यात आलं. सुटले हे खरं, पण नोकरी गेली, आणि अमिरातीचा दरवाजा बंद झाला.

तिथे मोर्चा, संप, घोषणा यांना परवानगी नाही. मोबाईललाही कायदा लागू आहे. अमिरातीच्या २०२१ च्या सायबर कायद्यात खोटी बातमी किंवा अफवा पसरवली तर किमान एक वर्ष कैद आणि किमान एक लाख दिरहम दंड आहे. म्हणून इकडून आपण चाचांना तिकडे एखादा भडक व्हिडिओ पाठवतो आणि म्हणतो "पुढे पाठवा", तेव्हा आपण त्यांच्या हातात काय देतोय ते समजून घ्या. कुणाच्या जुलमाविषयी मनात कळ येणं साहजिक आहे. ती व्यक्त करायची जागा रियाध किंवा दुबईचा व्हॉट्सअॅप ग्रुप नाही.

दहावी न झालेल्या कामगारांचा पासपोर्ट ईसीआर प्रकारचा असतो. त्यांना गल्फसह ठरावीक १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची मंजुरी लागते आणि 'प्रवासी भारतीय विमा योजना' घ्यावी लागते. दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाखांपर्यंतचं संरक्षण. टूरिस्ट व्हिसावर कामाला गेलेल्याला यातलं काहीच मिळत नाही. पॉलिसीचा नंबर बहुतेक वेळा घरच्या बाईला माहीतच नसतो. तो वहीत लिहा. साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या बाबतीत तर आधीच वाचा, अनेक पॉलिसींत दंगल आणि युद्ध वगळलेलं असतं.

अडचणीत सापडलेल्या गरीब भारतीयांच्या राहण्याचा, तिकिटाचा खर्च करायला दूतावासांकडे 'इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड' असतो. मागायला लाजू नका. कामगारांसाठी परराष्ट्र मंत्रालयाची प्रवासी भारतीय सहायता केंद्राची टोल फ्री लाईनही आहे: १८००-११-३०९०.

जुमा, उमरा आणि जियारत

मुसलमान देशांत आंदोलनं बऱ्याचदा जुम्याच्या नमाजनंतर मोठ्या मशिदीपासून निघतात, कारण लोक तिथे आधीच जमलेले असतात. म्हणून तणावाच्या दिवसांत शहरातल्या मुख्य मशिदीऐवजी होस्टेलजवळच्या छोट्या मशिदीत जावं, आणि सलाम फिरवल्यावर बाहेर घोळक्यात उभं न राहता घर गाठावं. कर्फ्यू असेल तर खोलीतच जोहर पढावी. जिवाची भीती हा जमात आणि जुमा सोडायला उजर मानला गेला आहे. मनात शंका राहत असेल तर निघण्याआधीच आपल्या इमामसाहेबांशी बोलून घ्या, म्हणजे मूल त्या दिवशी गुन्हा केल्यासारखं वाटून बाहेर पडणार नाही.

उमऱ्याला गेलेल्यांनी हरममध्ये कोणत्याही देशाचा झेंडा, घोषणा, फलक यापासून लांब राहावं, तिथे त्यावर सक्त बंदी आहे. त्यांना खरी अडचण येते ती विमानांची. २३ जून २०२५ ला कतारने काही तासांसाठी आपलं आकाश बंद केलं आणि दोहामार्गे जाणारी विमानं अडकली. नागपूरहून निघणाऱ्यांपैकी अनेक जण दोहा किंवा शारजाहमार्गेच जातात. वयस्कर माणसांची औषधं सुटकेसमध्ये न टाकता हातातल्या पिशवीत, पाच-सहा दिवस जास्तीची, आणि ग्रुप सोडून स्वतः तिकीट बदलायची घाई नको. इराण-इराकच्या जियारतला जाणाऱ्यांनी मंत्रालयाची ताजी सूचना वाचूनच बुकिंग करावं. जून २०२५ मध्ये कित्येक भारतीय जायरीन इराणमध्ये अडकले होते.

त्या रात्री पुलगावात

फोन लागला तर विचारायचं: कुठे आहेस, सोबत कोण, खायला-प्यायला आहे का, दूतावासाशी बोलणं झालं का. मग ठेवायचा. "टीव्हीवर असं दाखवताहेत" हे त्याला सांगायचं नाही, त्याला खिडकीतून जास्त दिसतं.

घरातल्या एकाच माणसाने बाहेरच्या लोकांशी बोलायचं. नाहीतर अब्बू एक नंबर देतात, मामू दुसरा, आणि एकाच मुलाचं नाव तीन यादींत तीन पत्त्यांनी जातं. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. युक्रेनच्या वेळी जिल्ह्या-जिल्ह्यांनी अडकलेल्या विद्यार्थ्यांच्या याद्या केल्या होत्या, नेपाळच्या वेळीही राज्य सरकारने संपर्कासाठी नंबर जाहीर केले. तिथे नाव, पासपोर्ट नंबर, तिथला पत्ता, युनिव्हर्सिटी आणि घरचा नंबर द्या. दूतावासाचा हेल्पलाईन नंबर फक्त त्यांच्या वेबसाइटवरून किंवा त्यांच्या अधिकृत खात्यावरून घ्या.

"सीमा पार करून देतो, इतके पाठवा" असं सांगणारे फोन अशा दिवसांत येतात. सरकारी सुटकेसाठी पैसे कुणाच्या खासगी खात्यात भरावे लागत नाहीत. तिकिटाचे पैसे भरायचे असतील तर एअरलाईनकडे भरायचे, ओळखीच्या एजंटकडे नव्हे.

मुलाचा रडतानाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका. सरकारवर दबाव येईल असं वाटतं, पण त्यात होस्टेलचं नाव, खोली, चेहरा सगळं असतं, आणि तो तिथल्या लोकांपर्यंतही पोहोचतो.

परत आल्यावर

मूल घरी पोहोचलं, अल्हम्दुलिल्लाह. दुसऱ्याच दिवशी "आता तिथे परत पाठवायचं नाही" असं ठरवून टाकणारी घरं असतात. मेडिकलच्या मुलांच्या बाबतीत जरा थांबा. नॅशनल मेडिकल कमिशनच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातला कोर्स किमान ५४ महिन्यांचा आणि तो एकाच संस्थेत पूर्ण झालेला हवा. त्यानंतरची बारा महिन्यांची इंटर्नशिपही त्याच संस्थेत. युक्रेनच्या विद्यार्थ्यांना युद्धामुळे सवलत मिळाली होती, ती सगळ्यांना आपोआप लागू होत नाही. मधेच दुसऱ्या देशातल्या कॉलेजात नाव घातलं तर भारतात परीक्षेला बसण्याचा हक्कच जाऊ शकतो. एजंट म्हणेल, ट्रान्सफर करून देतो. कमिशनच्या नियमात बसतं का, ते लेखी मागा.

त्याऐवजी युनिव्हर्सिटीला ईमेल लिहून सुट्टी आणि हजेरीचं लेखी उत्तर घ्या, व्हिसाची मुदत तपासा, परतीच्या प्रवासाची तिकिटं आणि पासपोर्टवरचे शिक्के सांभाळून ठेवा. ऑनलाईन वर्ग चालू असतील तर प्रॅक्टिकल आणि दवाखान्यातले तास नंतर भरून देणार का, हेही विचारून घ्या. आणि मुलाला आठवडाभर झोपू द्या, नातेवाइकांना सगळी कहाणी पहिल्याच दिवशी ऐकवायची गरज नाही.